लग्न झालंय, मूल हवंय. रुबेलाची (जर्मन गोवराची) लस आधी घ्यावी का? काय काळजी घ्यायची?

लहानपणी लस घेतल्याची लेखी नोंद असेल किंवा रक्ततपासणीत रुबेलाचं आयजीजी (म्हणजे त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह असेल, तर गरज नाही. दोन्ही नसेल तर बिनधास्त घ्या. चुकून जास्तीचा डोस पडला तरी अपाय होत नाही.

ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, त्यामुळे गरोदरपणात देत नाहीत. पाळी चुकली असेल तर आधी चाचणी करा. घेतल्यावर निदान 4 आठवडे दिवस जाऊ देऊ नका. तरी गेलेच, तर घाबरून गर्भपाताचा विचार करू नका, फक्त डॉक्टरांना कळवा. अंगावर पाजत असाल तरी चालते.

स्टिरॉइडचे मोठे डोस, केमोथेरपी, जिलेटिन किंवा निओमायसिन या प्रतिजैविकाची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलं असेल तर काही महिने थांबावं लागतं, नाहीतर त्यातली प्रतिद्रव्यंच लस निकामी करतात. दुसरी जिवंत लस त्याच दिवशी, नाहीतर 28 दिवसांनी.

लस पावडरच्या रूपात येते, 0.5 मिली द्रावण दंडात कातडीखाली टोचतात. कुपी कधी कालवली ते खुशाल विचारा; काही तासांनी ती टाकून द्यायची असते, ऊन-उजेडानेही बिघडते. टोचल्यावर 15 मिनिटं तिथेच बसा.

ताप-पुरळ आठवड्याभराने येऊ शकतं. काही मोठ्या बायकांचे सांधे मात्र 1 ते 3 आठवड्यांनी दुखू शकतात, बहुतेकदा पॅरासिटामॉल पुरतं.