बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत महिना कायम 18,000 की ठेक्यावर 22,000, काय घ्यावं?

कायम नोकरी घ्या, घरी आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर नक्कीच. मी फाउंड्रीत पगारपत्रकं करतो, म्हणून सांगतो: ईएसआय म्हणजे कामगाराच्या आणि घरच्यांच्या उपचारांची सरकारी विमा योजना, तिची पगारमर्यादा महिना 21,000 आहे. 22,000 वर घरचे सगळे त्या उपचारांबाहेर जातात, आणि एकच ऑपरेशन वर्षाचा जादा पगार खातं. कायम नोकरीत पीएफचा कंपनीचा वाटा वेगळा येतो, पीएफसाठी पगार 15,000 च धरला तरी महिना 1,800. पाच वर्षांनंतर सोडलं तर दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी. काही ठेकेदार पीएफचा कंपनीचा वाटाही त्या 22,000 मधूनच कापतात. हातात किती पडणार ते आधी विचारा. मात्र नेमणूकपत्रात ‘कायम’ लिहिलेलं हवं. पत्र कन्नडमध्ये असेल तर सहीआधी जाणकाराकडून वाचून घ्या. नुसत्या तोंडी शब्दावर मिळणारे 18,000 घेऊ नका.