तुमच्या पत्रातली ती एक ओळ

नमस्कार. मुलगी मेटलर्जीच्या, म्हणजे धातुशास्त्राच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत, तिला उष्णता झेलणाऱ्या मेटॅलिक ग्लासच्या थ्रीडी प्रिंटिंगवर संशोधन करायचंय आणि तुम्ही लिहिलंय, "तिला समजवा, हे सोडून कोडिंगला लागू दे". पण मधेच एक ओळ आहे, की हल्ली ती फोनवर हो-नाही एवढंच बोलते. मला काळजी वाटली ती त्याची. पुतण्याच्या पॅकेजवर अर्धं पान आणि यावर एक ओळ? दर फोनला चुलतभावाचा पगार ऐकायला लागला तर कुठलीही मुलगी गप्पच होईल, स्पष्ट सांगते. हे आधी थांबवा.

आणि "थ्रीडी प्रिंटिंग म्हणजे मशीन ऑपरेटरचं काम, तीन महिन्यांचा कोर्स पुरतो" हे तुम्ही लिहिलंय ते साफ चूक आहे. मेटॅलिक ग्लास हा धातूच, फक्त वितळल्यावर इतक्या झपाट्याने थंड करतात की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेत सोनं-सिलिकॉनचा असा मिश्रधातू पहिल्यांदा बनला, तोही पातळसाच, कारण जाड तुकडा आतून पटकन थंड होत नाही. प्रिंटिंगमध्ये लेझर पावडरचा बारीकसा भाग वितळवतो, तो लगेच गोठतो, म्हणून जाड वस्तू करता येते, पण वरचा थर देताना खालचा परत तापतो आणि तिथे अणू रांगेत बसून स्फटिक धरले की तुकडा ठिसूळ होतो. त्यात झिरकोनियमवाले नेहमीचे मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडायला लागतात, ८०० च्या वर टिकणारे इरिडियमचे आहेत पण इरिडियम भयंकर महाग. हे बटण दाबून सुटणारं नाही, याला मेटलर्जीच लागते.

तिलाही सांगा, विषय अरुंद आहे, बीटेकनंतर थेट यातच नोकरी मिळेल असं धरू नकोस. गेट ही प्रवेश परीक्षा दे, त्यावर एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, पुढे पीएचडी. तोवर धातूची पावडर, हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलणं) आणि निकेल सुपरअलॉयचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंचं, प्रिंटिंग पक्कं कर, काम तिथे आहे. इस्रोने मे २०२४ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं पीएस४ इंजिन प्रिंट करून ६६५ सेकंद चालवलं, १४ भागांच्या जागी एकच भाग होता.

रविवारी तिच्याकडे जाऊन या, पॅकेजचा विषय काढू नका, तिला काय करायचंय ते तिच्या तोंडून ऐका. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू दे.