चिनी चित्रपट कंपन्या परदेशी निर्मात्यांबरोबर ‘सहनिर्मिती’ करतात, म्हणजे नेमके काय करतात? भारतीय निर्मात्याला त्याचा काही उपयोग आहे का?

आपण विचारले आहे की चिनी कंपन्या परदेशी चित्रपटांत केवळ पैसे घालतात की आणखी काही देतात. वितरणाच्या करारांचे काम मी मुंबईत बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर गल्ल्याच्या हिशेबापासूनच सुरू होते. माझ्या मते चिनी भागीदाराकडून मिळणारी खरी मोलाची गोष्ट भांडवल ही नसून चीनमधील चित्रपटगृहांत जाण्याची वाट ही आहे, आणि तिची किंमत बहुतेक वेळा पटकथेतून वसूल होते.

गल्ल्यात वाटा देऊन परदेशी चित्रपट आयात करण्यास चीनने १९९४ मध्ये सुरुवात केली, तेव्हा मर्यादा वर्षाला १० चित्रपटांची होती. जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केल्यावर ती २० झाली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेशी झालेल्या समझोत्यानंतर ३४. त्याच समझोत्याने परदेशी स्टुडिओचा गल्ल्यातील वाटा २५ टक्क्यांवर नेला. अधिकृत सहनिर्मितीचा दर्जा मिळालेला चित्रपट मात्र स्वदेशी मानला जातो. तो आयातीच्या या मर्यादेत मोजला जात नाही, परदेशी निर्मात्याच्या पदरी ४० टक्क्यांच्या आसपास वाटा पडू शकतो, आणि ऐन सुट्ट्यांच्या हंगामात आयात चित्रपट बाजूला ठेवले जातात तेव्हाही त्याला पडदे मिळतात.

हा दर्जा दोन कंपन्यांनी करारावर सह्या केल्या म्हणून मिळत नाही. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या चायना फिल्म को-प्रॉडक्शन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेमार्फत अर्ज जातो आणि तो चिनी भागीदाराने करावयाचा असतो. पटकथा आधी तपासली जाते, तयार झालेला चित्रपट पुन्हा तपासला जातो आणि प्रमुख कलाकारांपैकी किमान एक तृतीयांश चिनी असावे लागतात. २०१८ पासून चित्रपटांचे नियमन थेट कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार विभागाकडे गेले आहे, तेव्हा ही तपासणी केवळ कागदोपत्री आहे असे कोणी समजू नये. चीनमध्ये नुसते चित्रीकरण करून तेथील कंपनीला त्या सेवेचे पैसे देणे हा वेगळा प्रकार आहे. त्यातून स्वदेशी दर्जा मिळत नाही.

वर्तमानपत्रांत ज्यांना सहनिर्मिती म्हटले गेले, त्यांतील बरेच चित्रपट या व्याख्येत बसत नाहीत. ‘आयर्न मॅन ३’ (२०१३) मध्ये डीएमजी ही बीजिंगची कंपनी भागीदार होती, तरी तो अधिकृत सहनिर्मिती म्हणून प्रदर्शित झाला नाही. चिनी प्रेक्षकांसाठी मात्र त्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली आणि तिच्यात वांग शुएची यांचे डॉक्टर वू जास्तीच्या प्रसंगांत दिसतात. एका प्रसंगात ते चक्क एका चिनी कंपनीचे दूध पितात. कथेला त्या दुधाचा काडीचाही उपयोग नाही. याच डीएमजीच्या सहभागामुळे ‘लूपर’ (२०१२) मधील पॅरिसचा भाग शांघायला हलवला गेला, आणि तो बदल त्या मानाने कथेत मुरला. ‘कुंग फू पांडा ३’ (२०१६) ही मात्र अधिकृत सहनिर्मिती होती, आणि तिच्यात तर चिनी आवृत्तीसाठी पात्रांच्या ओठांच्या हालचाली मँडरिन उच्चारांनुसार नव्याने ॲनिमेट केल्या गेल्या. हे खर्चिक काम आहे आणि दर्जा मिळवण्यासाठी केलेल्या सोपस्कारांपेक्षा कितीतरी प्रामाणिकही.

उलट ‘द ग्रेट वॉल’ (२०१६) या अधिकृत सहनिर्मितीत झांग यिमोऊ यांच्यासारखा चिनी दिग्दर्शक, मॅट डेमनसारखा हॉलिवूडचा नट आणि सुमारे १५ कोटी डॉलरचा खर्च असूनही अमेरिकेत जेमतेम साडेचार कोटी डॉलर जमले. दोन्ही देशांतील प्रेक्षकांना एकाच कथेत बसवण्याची धडपड त्या चित्रपटात जागोजागी दिसते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला वांडा या चिनी उद्योगसमूहाने लेजंडरी ही अमेरिकी निर्मिती कंपनी ३५० कोटी डॉलरना घेतली होती, पण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, चीन सरकारने चित्रपट आणि मनोरंजन क्षेत्रातील परदेशी गुंतवणुकीवर निर्बंध आणले आणि तो ओघ आटला. कंपनी कितीही मोठी असली तरी देशाबाहेर पैसा पाठवण्याची परवानगी तिच्या हातात नसते, हे भागीदारी करणाऱ्याने आधीच गृहीत धरलेले बरे.

आता भारताविषयी. शी जिनपिंग सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात आले तेव्हा दोन्ही देशांत चित्रपट सहनिर्मितीचा करार झाला. त्यानंतर चायना फिल्म ही चीनची सरकारी कंपनी आणि भारतीय चित्रपट व्यवसायातील इरॉस यांनी ‘ह्युएन त्सांग’ (२०१६) काढला. सोनू सूद त्यात हर्षवर्धन झाले होते. ज्या प्रवाशाने पुलकेशीच्या काळातील महाराष्ट्राचे आणि येथील मानी लोकांचे वर्णन लिहून ठेवले, त्याच्यावरचा हा चित्रपट आपल्याकडे जवळजवळ कोणी पाहिलाच नाही. ‘कुंग फू योगा’ (२०१७) मधून भारतीय भागीदार वायकॉम१८ आधीच बाहेर पडला. जॅकी चॅन यांच्या नावावर चित्रपटाने चीनमध्ये १७० कोटी युआनहून अधिक कमावले, पण आपल्याकडील निर्मात्यांना त्याचा लाभ झाला नाही. आणि गंमत अशी की त्याच वर्षी ‘दंगल’ने, जो कोणत्याही अर्थाने सहनिर्मिती नव्हता, तेथे सुमारे १३० कोटी युआनचा गल्ला केला.

एप्रिल २०२० पासून भारताला भूसीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागू झाली आणि जूनमधील गलवानच्या चकमकीनंतर दोन्हीकडचा उत्साह मावळला. तरीही एखाद्या चिनी कंपनीकडून प्रस्ताव आलाच, तर भांडवलाचा आकडा पाहण्याआधी दोन कलमे वाचावीत: सहनिर्मितीचा दर्जा नाकारला गेल्यास गल्ल्याची वाटणी कशी होणार, आणि तपासणीत सुचवलेले बदल भारतात दाखवल्या जाणाऱ्या आवृत्तीलाही लागू होणार का. ही दोन कलमे करारात नसतील, तर मी माझ्या अशिलाला सही करू देत नाही.