जुनं अल्कॉक बिलियर्ड टेबल खरं आहे का, आणि शेजारच्या खोलीत कसं हलवायचं?

तुम्ही विचारलंय की मेलबर्नमध्ये घेतलेल्या जुन्या घरात आठ पायांचं, बारा बाय सहा फुटी टेबल मिळालंय, त्यावर अल्कॉक या कारखान्याच्या नावाची पट्टी आहे. ते खरं असेल का आणि चौघांनी धरून शेजारच्या खोलीत सरकवता येईल का.

आधी सरकवण्याचं. कृपा करून एक इंचही ढकलू नका. कापडाखाली स्लेट दगडाच्या पाच फरश्या आहेत. दोन इंच जाडीची एकेक फरशी साधारण 185 किलो भरते, पावणेदोन इंची असली तरी 160. ढकललं की पाय तिरके होतात, चौकटीचे सांधे उकलतात आणि फरश्यांना एकमेकींत धरून ठेवणाऱ्या खुंट्या दगडाची कड फोडतात. टेबल सुटंच करावं लागतं.

उतरवायचा क्रम असा: पॉकेटं, मग सहा कुशनं (कडेच्या रबर लावलेल्या पट्ट्या), मग कापड, मग फरश्या, शेवटी चौकट आणि पाय. कुशनचे बोल्ट स्लेटच्या कडेत बसवलेल्या नटांमध्ये फिरतात, आणि जुन्या टेबलात ते नट बहुधा शिसं ओतून पक्के केलेले असतात. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला तर नटच दगडात गरगर फिरू लागतो. मग तो काढणं फार कठीण. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबा, मग हातपान्यानेच सोडवा, मशीनने नाही. प्रत्येक भागावर खडूने नंबर टाका. फरशी उभी धरूनच न्या, आडवी धरली तर स्वतःच्याच वजनाने तडकू शकते.

आता खरेपणा. हेन्री अपटन अल्कॉक यांनी मेलबर्नमध्ये 1853 साली हा कारखाना सुरू केला. पण पट्टी स्क्रूने लावलेली असते, कुशन बदललं की तीही इकडची तिकडे जाते. माझा भरवसा पट्टीपेक्षा आतल्या लाकडावर. टेबल सुटलं की चौकटीच्या आतल्या बाजूला ठोकलेले आकडे पाहा. पायांचं आणि चौकटीचं लाकूड एकाच जातीचं आहे का, बोल्टची भोकं जुळतात का, तेही बघा.

लाकूड ब्लॅकवूड असेल तर सोनेरी-तपकिरी, कधी आडव्या लाटा चमकणारं. क्वीन्सलंड मेपल गुलाबीसर. लाल सीडर मात्र हलकं, नखाने खूण उठेल इतकं मऊ; आपल्याकडचा तून तोच वृक्ष.

पॉलिश घासून काढायची घाई नको. पायाच्या मागच्या बाजूला कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश. ते स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतं, त्यामुळे बोळ्याने नवा पातळ थर चढवला की जुन्यात मिसळून जातो. सँडपेपर मारला की शंभर वर्षांचा रंग आणि पायांवरच्या कोरीव खाचांची धार, दोन्ही गेलंच म्हणून समजा.

नव्या खोलीत आधी जमीन तपासा. लाकडी जमीन असेल तर खालून तुळया बघून घ्या, एक टनाहून जास्त वजन आठ पायांवर येणार आहे. चौकट पाणसळीत आणा, मग फरश्या ठेवून गरज पडेल तिथे खाली पातळ पट्ट्या सरकवा. सांध्यावरून नख फिरवा: अडकलं तर अजून काम बाकी आहे. उरलेली फट प्लास्टर ऑफ पॅरिसने भरून, वाळल्यावर पात्याने तासून सपाट करा.

कुशनचं रबर नखाने दाबून पाहा. दगडासारखं लागलं तर बदला, नवं कापड घालण्याआधीच. कापडाची लव 'डी' (अर्धवर्तुळ) आखलेल्या टोकाकडून समोरच्या टोकाकडे जायला हवी. ब्रश आणि इस्त्रीही त्याच दिशेने. काही आठवड्यांनी टेबल बसतं, तेव्हा पाणसळ पुन्हा लावून बघा.