जिंकल्याचा आनंद चित्रात नेमका कुठे असतो?

प्रश्न: नमस्कार. मी चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. खेळातल्या विजयाचं एक चित्र निवडून त्यातल्या रंगांवर आणि ब्रशकामावर लिहायचंय. मी घेतलेल्या तैलचित्रात एक धावपटू छातीने रिबन तोडतेय, तिच्या अंगावर केशरी-पिवळा उजेड, मागचे प्रेक्षक म्हणजे निळ्या-करड्या रंगाचे नुसते ठिपके, आणि दुसऱ्या नंबरवरची मुलगी जांभळट सावलीत आहे. मी लिहिलं की उष्ण रंगांमुळे आनंद दिसतो आणि जोरकस फटकाऱ्यांमुळे वेग दिसतो. दोन ओळींत विषय संपला. पुढे काय लिहू?

उत्तर: तुमच्या दोन्ही ओळी बरोबर आहेत, पण त्या शंभर चित्रांना लागू होतील. तुमच्याच चित्राबद्दल त्या काही सांगत नाहीत, म्हणून तर पुढे काही सुचत नाहीये. केशरी रंग मुळात आनंदी वगैरे नसतो हो, जळत्या घराच्या चित्रातही तोच केशरी असतो. तो आनंदी वाटतो तो शेजारच्या रंगामुळे. तुमच्या चित्रात मागे निळसर करडा पसरलाय आणि निळा हा केशरीचा विरोधी रंग, म्हणजे रंगचक्रात त्याच्या बरोबर समोरचा, त्यामुळे ती मुलगी पेटल्यासारखी दिसतेय. खात्री करायची असेल तर प्रिंटवर कागद ठेवून मागची गर्दी झाका आणि फक्त तिच्याकडे बघा, केशरी लगेच थोडा मंद वाटेल. मग चित्राचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. तरीही ती उठून दिसली तर मुख्य काम उजेड-अंधाराच्या फरकाने केलंय. गर्दीत विरघळून गेली तर टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, दोन्हीकडे सारखाच आहे आणि सगळा भार फक्त उष्ण-थंड रंगांवर आहे. या दोन अगदी वेगळ्या युक्त्या आहेत, आणि चित्रकाराने कुठली वापरली हे लिहिलंत की तिथून तुमचं विश्लेषण खरं सुरू होतं.

आता ब्रशकाम. "जोरकस" एवढं लिहून थांबू नका, फटकारा कुठल्या दिशेने ओढलाय ते बघा. मांडीवर, दंडावर स्नायूच्या वळणाने ओढला असेल तर शरीर घट्ट, गोलाईदार दिसतं, आणि धावण्याच्या दिशेने आडवा ओढून कडा पुसली असेल तर वेग दिसतो. बहुतेक चित्रांत दोन्ही असतं, म्हणून कुठे काय ते शोधायचं. मग सगळ्यात धारदार कड कुठली ते बघा, कारण डोळा आधी तिथेच जातो. ती रिबनची आहे, चेहऱ्याची आहे की पायाची? चेहरा पुसट ठेवून रिबन धारदार काढली असेल तर चित्र त्या मुलीचं कमी आणि त्या क्षणाचं जास्त आहे. शेवटी रंगाचा थर. खांद्यावरचा उजेड जाड रंगात काढलेला असला तर तो उंचवटा खोलीतला खरा प्रकाश पकडतो आणि सावलीतला पातळ रंग मागे सरतो.

एकाच चित्रकाराची दोन चित्रं शेजारी ठेवून बघा म्हणजे हे पटकन कळेल. जॉर्ज बेलोज या अमेरिकन चित्रकाराचं १९०९ चं 'स्टॅग अ‍ॅट शार्कीज', त्यात दोन बॉक्सर एकमेकांत घुसलेत, अंगावर ओल्या रंगाचे सपासप फटकारे, चेहरे ओळखू येत नाहीत आणि कोण जिंकतंय तेही सांगता येत नाही. त्याचंच १९२४ चं 'डेम्प्सी अँड फिर्पो' बघा, पृष्ठभाग गुळगुळीत, कडा स्वच्छ, आकृत्या जवळपास भूमितीसारख्या बसवलेल्या. फिर्पो हा बॉक्सर डेम्प्सी या दुसऱ्या बॉक्सरला रिंगच्या बाहेर फेकतोय तो क्षण त्यात आहे. गंमत म्हणजे सप्टेंबर १९२३ ची ती लढत डेम्प्सीनेच दुसऱ्या राउंडमध्ये जिंकली. चित्रात विजेता दिसतो फिर्पो! म्हणून निकाल आणि चित्रातला विजय एकच आहेत असं धरून चालू नका.

आणि विजय म्हणजे भडक रंग असंही नाही. थॉमस ईकिन्स या अमेरिकन चित्रकाराचं १८९८ चं 'साल्युटाट' मला या विषयातलं सगळ्यात मोठं चित्र वाटतं. जिंकलेला बॉक्सर आपल्याकडे जवळपास पाठ करून उजवा हात वर करून प्रेक्षकांना सलाम करतोय, रंगसंगती बरीचशी तपकिरी आणि दबकी, पण त्याची उजळ त्वचा त्या काळोखातून अशी पुढे येते की बाकी रंगांची गरजच पडत नाही. आणि त्याचे प्रेक्षक तुमच्या चित्रातल्यासारखे ठिपके नाहीत, ती खरी माणसं आहेत, ईकिन्सचे मित्र आणि वडीलसुद्धा त्यात आहेत. गर्दी ठिपक्यांत काढली की ती नुसता आवाज होते, चेहऱ्यांत काढली की साक्षीदार होते. तुमच्या चित्रकाराने ठिपके का निवडले यावर तुम्हाला आख्खा परिच्छेद लिहिता येईल.

मला विचाराल तर सुरुवात त्या जांभळट मुलीपासून करा. पिवळ्याचा विरोधी रंग जांभळा, म्हणजे विजेतीवरचा पिवळा जेवढा तिच्यामुळे उजळतो तेवढा दुसऱ्या कशाने क्वचितच उजळत असेल. तिच्या अंगावरचे फटकारे विजेतीइतकेच जोरकस आहेत की सुस्त झालेत, रंग तितकाच जाड आहे की पातळ, हे नीट तपासा. जोर सारखाच असेल तर चित्रकार म्हणतोय की मेहनत दोघींची सारखी होती, फरक फक्त उजेडाचा पडला. वेगळा असेल तर त्याने बाजू घेतलीय. तुमचा मुद्दा इथेच सापडेल आणि बाकीची निरीक्षणं त्याच्या मागे आपोआप लागतील.

प्रश्न: अशी चित्रं मला फक्त मोबाईलवर बघायला मिळतात. त्यावरून ब्रशकामावर लिहिलेलं चालेल का?

उत्तर: चालेल, पण जपून. फटकाऱ्याची दिशा, कडा, कुठे काय पुसट सोडलंय हे चांगल्या फोटोत कळतं, फक्त मोठ्ठी इमेज मिळवा, बऱ्याच म्युझियमच्या साइटवर झूम करता येतं. थराची जाडी मात्र सपाट उजेडात काढलेल्या फोटोत हरवते, तेव्हा बाजूच्या तिरप्या उजेडातला फोटो मिळाला तरच त्याबद्दल ठामपणे लिहा. रंगाचंही तेच, दोन-तीन ठिकाणच्या इमेज शेजारी ठेवा, छटा बदललेल्या दिसतील, म्हणून "हा अमुक लाल" असं न लिहिता "शेजारच्या हिरव्यापेक्षा उष्ण आणि गडद" असं तुलनेत लिहा, कारण फोटो थोडा बिघडला तरी ते नातं बहुतेक वेळा टिकतं.