एक्झॉस्ट ब्रेकनं इंजिन बसतं का?

तुम्ही लिहिलंय, दहाचाकी घेतलीय, कोल्हापूरहून रत्नागिरीला भरून जाते, आणि ड्रायव्हर आंबा घाटात एक्झॉस्ट ब्रेकला हातच लावत नाही, कारण त्यानं इंजिन बसतं म्हणे. गाड्यांची देखभाल हेच माझं काम, म्हणून सांगतो: त्या ब्रेकनं इंजिन बसत नाही. बसतं ते चुकीच्या गिअरनं.

डिझेल इंजिनात हवा मोकळी आत येते, मोकळी बाहेर जाते. त्यामुळं नुसता ॲक्सिलरेटर सोडून भरलेली गाडी धरत नाही. एक्झॉस्ट ब्रेक लावला की डिझेल तुटतं आणि सायलेन्सरकडं जाणाऱ्या पाइपातली झडप मिटते. कोंडलेली हवा पिस्टनला अडवते, आणि ती अडवणूक गिअरबॉक्समधून मागच्या चाकांपर्यंत पोचते. म्हणजे क्लच दाबला किंवा गाडी न्यूटल केली की तो ब्रेक संपला. शिवाय आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, कमी असतील तर त्याची ताकदही कमी. वरच्या गिअरमध्ये बटण दाबून 'हे काय धरत नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

म्हणून खालचा गिअर घाटमाथ्यावरच, आंबा गाव सोडतानाच पाडायचा. उतारावर गाडी पळायला लागल्यावर पाडायला गेलात आणि गिअर पडला नाही, तर गाडी न्यूटलमध्येच सुटते. 'ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं' हे जुन्या ड्रायव्हरांचं गणित जुन्या, कमी ताकदीच्या गाड्यांना ठीक होतं. आताची इंजिनं तोच घाट वरच्या गिअरमध्ये चढतात, तेव्हा उतरताना त्याहून एक गिअर खालीच ठेवा.

आता इंजिनाची भीती. उतारावर गाडीचं वजनच इंजिनाला फिरवत असतं. इंजिनाचा वेग आवरणारा गव्हर्नर फार तर डिझेल तोडणार, ते तर आधीच तुटलेलं! आरपीएमचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, आणि मग खापर एक्झॉस्ट ब्रेकवर फुटतं. काटा तिकडं सरकायला लागला की पायब्रेक नीट दाबून वेग आठ-दहा किलोमीटरनं उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. वेग पुन्हा वाढला की पुन्हा तसंच. पेडलवर हलका पाय ठेवून अख्खा घाट उतरला तर चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगतो, त्यावर घासणाऱ्या लायनरचा करपट वास येतो आणि पुढं दाबूनही गाडी धरत नाही. साखरप्याकडं उतरलेल्या गाड्यांजवळ थांबून बघा, वासावरूनच कळतं कोण कसा उतरलाय.

डिझेल वाचवायला न्यूटल करणाऱ्यांचं तर मला हसू येतं. गिअरमध्ये उतरताना डिझेल तुटलेलं असतं, न्यूटलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. वर पायब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर मंद फिरतो, ब्रेक मारून मारून टाकीतली हवा उतरते.

पावसात मात्र सांभाळून. हा ब्रेक फक्त इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या मागच्या चाकांवर चालतो. गगनबावड्याच्या पावसात रिकामी गाडी वळणावर मागून घसरू शकते. मागची बाजू सरकतेय असं वाटलं की बटण बंद. ट्रेलरला तर हे जास्तच लागू.

व्हिडिओत अमेरिकन ट्रक उतारावर फटफटताना ऐकले असतील, तो प्रकार वेगळा. १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केहोन खिंडीत ब्रेक गेल्यानं मरता मरता वाचलेल्या, डिझेल इंजिनं बनवणाऱ्या क्लेसी कमिन्सची ती कल्पना, १९६१ पासून जेकब्स कंपनीनं बाजारात आणली. त्यात हवा पूर्ण दाबली गेली की व्हॉल्व्ह उघडून ती सोडून देतात, म्हणून तो आवाज.

आणि तुमचा ड्रायव्हर जर आजवर बटण दाबतच नसेल, तर आधी झडप बघून घ्या. न वापरल्यानं काजळी धरून ती अडकते. इंजिन थंड असताना पाइपावरचा लिव्हर हातानं हलवून बघा, मग कुणाला तरी बटण दाबायला सांगून हवेचा सिलेंडर तो पूर्ण ओढतोय का ते पाहा. झडप अर्धवट मिटून अडकली तर चढाला पिकअप मिळत नाही आणि काळा धूर येतो.