बदकांचे छायाचित्र घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरची छायाचित्रे सावकाश पाहिली. बहुतेकांत थापट्यांचा थवा पाण्यावरून उठताना दिसतो. तो तुझ्या चाहुलीने उठला असेल, तर चित्र कितीही देखणे असले तरी मी त्याला चांगले म्हणणार नाही. ही बदके सायबेरिया आणि मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून येथे हिवाळा काढतात. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना येथेच साठवायची असते आणि विनाकारण घडलेल्या प्रत्येक उड्डाणात तीच खर्ची पडते. म्हणून थव्यावर नजर ठेवायला शीक. चरणे थांबले, माना ताठ झाल्या आणि पक्षी हळूहळू तुझ्यापासून दूर पोहू लागले, की तू फार जवळ आला आहेस. तेथेच खाली बस आणि पुन्हा माना खाली जाईपर्यंत हलू नकोस.

जागाही समजून घे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला, त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला आणि उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती यांची ही दलदल तयार झाली. २०२० च्या जानेवारीत राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तिचे नाव जाहीर झाले. येथे सारे काही पाण्याच्या पातळीवर ठरते. थापट्या, चक्रांग, तलवार बदक ही बुडी न मारता, डोके पाण्यात आणि शेपटी वर करून चरणारी बदके आहेत. वरच्या धरणांतून पाणी सुटून पातळी वाढली, की तळ त्यांच्या चोचीच्या टप्प्याबाहेर जातो आणि ती कडेच्या उथळ भागात सरकतात. तलवार बदकाची मान लांब असल्याने ते थोड्या खोल पाण्यातही टिकून राहते. हे ध्यानात ठेवलेस तर पक्ष्यांच्या मागे धावावे लागणार नाही; ते जेथे येतील तेथे पहाटेच, सूर्य पाठीशी येईल अशा बेताने, आधी जाऊन बसता येईल.

ऑक्टोबरमध्ये गेलास तर नर फारसे दिसत नाहीत असे वाटेल. ते असतात, पण विणीनंतरच्या पिसारा-बदलामुळे मादीसारखेच तपकिरी दिसतात. डिसेंबर-जानेवारीपर्यंत बहुतेकांचे रंग परत येतात. भुवई बदकाच्या नराला मात्र त्याहूनही उशीर लागतो. रंगीत नरांच्या मोहात माद्यांकडे दुर्लक्ष करू नकोस, कारण ओळख पटवण्याचा खरा अभ्यास माद्यांवरच होतो. चोचीची लांबी व रुंदी, डोळ्यावरची रेघ आणि पंखावरचा चमकदार पट्टा पाहा. चक्रांगाचा पट्टा हिरवा असतो, तर थापट्याची पसरट चोच मादीतही लपत नाही. थापट्ये गोलाकार पोहत पाणी ढवळतात आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून सूक्ष्म जीव गाळून घेतात. ते दृश्य टिपण्यासाठी अर्धा दिवस दिलास तरी तो सार्थकी लागेल.

कॅमेऱ्याविषयी थोडेच लिहितो. थापट्याच्या नराची छाती शुभ्र आणि डोके गडद असते. छातीतील पिसांचा तपशील राखायचा असेल, तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, किंचित कमी ठेव. डोक्यावरची हिरवी झळाळी प्रकाशाच्या ठरावीक कोनातच दिसते, तेव्हा पक्षी मान वळवेपर्यंत थांब. कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ आण, पण त्यासाठी चिखलात उतरून बेटांकडे जाऊ नकोस. उड्डाण टिपायचेच असेल, तर दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालू लागला की सज्ज राहा. थवे तेव्हा आपणहून उठतात. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास पुरते.

प्रत्येक वेळी जाती, अंदाजे संख्या आणि पाण्याची स्थिती वहीत लिही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तीत सहभागी हो. त्याआधी थव्यातील दहा-दहाचे गट नजरेने मोजण्याचा सराव कर आणि पुढच्या पत्रासोबत छायाचित्रांबरोबर ती वहीही पाठव.

तुझा,
काका